मागं कोण चालून राहिलंय?

मे महिन्यात नागपुरात दोन पंख्यांचा आवाज चोवीस तास येतो. एक कूलरचा, दुसरा लॅपटॉपचा. कूलरचा आवाज थांबला तर झोपलेला माणूस दचकून उठतो. लॅपटॉपचा कितीही वाढला तरी कुणी ढुंकून पाहत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, "ऊन किती तापून राहिलंय भाऊ, मशीन तरी काय करंल?" आमच्या शहरात डोकेदुखी, घरातली भांडणं, तोडलेले सिग्नल आणि मेव्हण्याचा स्वभाव या सगळ्यांचं कारण उन्हाळा असतो. लॅपटॉपनंच वेगळं कारण का शोधावं?

अडचण एवढीच की तोच पंखा जानेवारीतही, अंगावर दोन स्वेटर असताना, तसाच फिरतो. आमच्या ओळखीचे खामल्यातले एक निवृत्त काका रात्री झोपण्यापूर्वी गॅस, गेट आणि ब्राउझर अशा तीन गोष्टी न चुकता बंद करतात. गॅस आणि गेट बंद राहतात. "मी तं याले कवाचा बंद केला न! मग हा काहून फुरफुरून राहिला?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. घरातली तरुण पिढी यावर "काका, रिस्टार्ट मारा" एवढंच म्हणून मोबाइलमध्ये परत जाते. पण काकांचा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. बंद केलेली गोष्ट चालू का?

कारण ब्राउझरची खिडकी वेगळी आणि ब्राउझर वेगळा. विंडोजवर क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’ नावाचा भाग आहे. त्यात एक कळ असते. क्रोम बंद केल्यावरही मागची अ‍ॅप चालू राहू देत, असा तिचा अर्थ. ही कळ आपण कधी दाबलेली नसते, कारण ती दाबूनच येते. एखाद्या एक्स्टेन्शननं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं, मागे राहण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवली असेल, तर आपण कोपऱ्यातली फुली दाबतो, खिडकी जाते, आणि ते घड्याळाशेजारच्या बाणाआड जाऊन बसतं. एज ब्राउझरमध्येही असाच बंदोबस्त आहे. वर ‘स्टार्टअप बूस्ट’ नावाची आणखी एक सोय आहे. तिच्यामुळे आपण बोलवायच्या आधीच तो अर्धा उठून बसलेला असतो.

एका ब्राउझरच्या पोटात एवढी मंडळी वेगवेगळी चालतात, याला इतिहास आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे. पूर्वी ब्राउझरमधली सगळी पानं एकाच प्रक्रियेत, म्हणजे संगणकाच्या लेखी एकाच चालू प्रोग्रॅमात, चालायची. एका पानावरची नाचरी जाहिरात अडकली की बाकीची सगळी पानं, अर्ध्यावर आलेल्या रेल्वे आरक्षणासकट, वर जायची. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये बसवून, म्हणजे एक मेला तर शेजारच्याला सुतक नाही. हे लोकांना पटावं म्हणून गूगलनं स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून चक्क चित्रकथा काढून घेतली होती. पुढे जून २०१० मध्ये फायरफॉक्सनंही ३.६.४ या आवृत्तीत व्हिडिओ आणि खेळ चालवणारे फ्लॅश वगैरे प्लगिन ब्राउझरबाहेर वेगळ्या प्रक्रियेत काढले आणि तिचं नाव ठेवलं ‘प्लगिन-कंटेनर डॉट ईएक्सई’. नाव असं की कुणालाही व्हायरस वाटावा. वाटलाच. लोक ती दिसेल तिथे ठार मारत सुटले, आणि मारल्याबरोबर चालू असलेला व्हिडिओ का बंद पडला म्हणून पुन्हा बोंबलू लागले.

त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. या नव्या व्यवस्थेत एखादं प्लगिन दहा सेकंद गप्प राहिलं तर फायरफॉक्स त्याला मेलेलं समजून उरकून टाकायचा. त्या काळात फेसबुकवर फार्मव्हिल नावाचा शेतीचा खेळ भलताच जोरात होता, आणि जुन्या, संथ संगणकांवर तो दहा सेकंदांहून जास्त वेळ विचार करत बसायचा. झालं, लोकांची भरात आलेली पिकं डोळ्यांदेखत जाऊ लागली. ओरड झाली, आणि चार दिवसांत ३.६.६ ही आवृत्ती काढून मुदत पंचेचाळीस सेकंदांपर्यंत वाढवण्यात आली. विदर्भात राहणारा माणूस म्हणून एवढंच सांगतो, की शेतकऱ्याच्या तक्रारीवर चार दिवसांत मुदतवाढ मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ते प्लगिन आता राहिले नाहीत. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगिन पूर्ण काढून टाकले, फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीच्यांना दार दाखवलं, आणि ३१ डिसेंबर २०२० ला खुद्द फ्लॅशचाच कारभार आटोपला. आज उरली आहेत ती एक्स्टेन्शन्स. लोक त्यांनाही प्लगिनच म्हणतात, म्हणोत बापडे.

ही एक्स्टेन्शन्स घरात येतात कशी, ते काकांच्या लॅपटॉपवर फार छान पाहायला मिळतं. पीडीएफ जोडायचं एक, तोडायचं एक. मराठी टंकायचं एक. क्रिकेटचा स्कोअर सांगणारं एक, ते अजून कुठल्याशा जुन्या मालिकेतच अडकलंय. खरेदीवर कुपन शोधून देणारं एक. त्यानं आजवर वाचवलेल्या पैशांत इतवारीत एक कप चहा येणार नाही. जाहिराती अडवणारी दोन. आणि नवा टॅब उघडला की रोज वेगळ्या पर्वताचं चित्र दाखवणारं एक. सेमिनरी हिल्सला डोंगर म्हणणाऱ्या शहरात त्या शेवटच्याची गरज मी समजू शकतो.

यातलं एकही चोरून आलेलं नाही. प्रत्येकानं दारात उभं राहून विचारलं होतं. क्रोम तर स्वच्छ सांगतो, की हे एक्स्टेन्शन तुम्ही भेट देता त्या सगळ्या संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. सगळा डेटा. वाचू. आणि बदलू. इतकं धडधडीत वाक्य लग्नपत्रिकेत छापलं असतं तरी आपण आहेर घेऊन गेलो असतो. नागपूरकराला समोरच्याला नाही म्हणणं जमतच नाही, त्यातून विचारणारा निळ्या रंगाचं सुबक बटण घेऊन उभा असेल तर आणखीच कठीण. पीडीएफ जोडणाऱ्याला बँकेचं पान कशाला वाचायचंय, असं मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "अरे, वाचत असंल बिचारा. बॅलन्समध्ये आहे तरी काय?"

मागे कोण चालून राहिलंय हे पाहायचं असेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर फारसा कामाचा नाही. तिथे ‘क्रोम’ नावाच्या ओळींची रांग लागलेली असते, सगळ्या एकाच गणवेशात, आणि त्यातल्या कुणाला संपवलं तर नेमकं कोण जाईल याचा पत्ता लागत नाही. क्रोमचा स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर आहे. क्रोम उघडा असताना शिफ्ट दाबून धरायची आणि एस्केप दाबायचं. मॅकवर तो ‘विंडो’ या मेनूत सापडतो. एजमध्येही शिफ्ट-एस्केप चालतं. फायरफॉक्समध्ये मेनूतल्या ‘मोअर टूल्स’मध्ये टास्क मॅनेजर आहे. इथे प्रत्येकजण नावानिशी हजर असतो. अमुक टॅब, तमुक एक्स्टेन्शन, यानं इतकी मेमरी खाल्ली, त्यानं इतका प्रोसेसर. मेमरीच्या मथळ्यावर टिचकी मारली की सगळ्यात खादाड आपोआप वर येतो. विवाहसोहळ्यात आइस्क्रीमच्या टेबलाशी तास न् तास उभं राहिल्याशिवाय जे कळत नाही ते इथे एका टिचकीत कळतं.

पहिल्यांदा ही यादी पाहणाऱ्याला घाम फुटतो. काकांना फुटला. आपण तर फक्त पेपर वाचत होतो, मग ही एवढी मंडळी कोण? त्यांना मी ३० मे २०२४ ची आठवण करून दिली. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं होतं. दिवसभर देशात नागपूर गाजलं, आम्हीही लांबच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन जरा ऐटीतच घेतले, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. मोठा आकडा दिसला म्हणून लगेच कपाळाला कांदा लावायचा नसतो. यादीत ‘जीपीयू प्रोसेस’ किंवा ‘नेटवर्क सर्व्हिस’ असं काही दिसलं तर ते ब्राउझरचे घरचेच लोक. त्यांना संपवलंत तर पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ते परत कामाला लागतात. बघायचं ते एवढंच, की ‘एक्स्टेन्शन’ असं लिहिलेल्या ओळींपैकी कुणाला आपण ओळखत नाही, आणि रिकामं बसून कोण खात राहिलंय.

तिथेच प्रक्रिया संपवायचं बटण असतं. हे बटण निवृत्त माणसाच्या हाती देऊ नये. उभ्या नोकरीत ज्यांना एक मेमो काढायचा अधिकार मिळाला नाही, त्यांना अचानक मृत्युदंडाचे अधिकार मिळतात. काकांनी कुपनवाल्याला उडवलं. मग क्रिकेटवाल्याला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पेन्शनच्या फरकाची रक्कम जमा झाली तेव्हाही दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर दोघेही जागेवर. "हा तं पुन्हा आला न बाप्पा!"

येणारच. प्रक्रिया संपवणं म्हणजे फक्त त्या वेळेपुरतं हुसकावणं. पत्ता तोच, किल्लीही त्याच्याचकडे. त्याला कायमचं थांबवायचं असेल तर ब्राउझरच्या मेनूतून एक्स्टेन्शन्सच्या पानावर जाऊन त्याच्या नावापुढची कळ बंद करायची, आणि आठवडाभर त्याच्यावाचून काही अडलं नाही तर ‘रिमूव्ह’ करून मोकळं व्हायचं. काढून टाकायला जीव होत नसेल तर मधला मार्गही आहे. त्याच्या तपशिलात जाऊन, सगळ्या संकेतस्थळांऐवजी फक्त टिचकी मारल्यावरच वाचायची मुभा ठेवता येते.

आता कुणी म्हणेल, मग एकदाचे सगळेच बंद करून टाका. अशा स्वच्छताप्रेमी माणसांसाठी रामदासपेठेतल्या एका सीएच्या ऑफिसातला प्रसंग सांगतो. ऑफिसचं नाव सांगत नाही, त्यांना नागपुरातच धंदा करायचाय. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीच्या ३बी रिटर्नचा शेवटचा दिवस. नवा लागलेला पोरगा हुशार आणि उत्साही, संगणक हळू चालतो म्हणून सकाळपासून झटत होता. दुपारी विजयी मुद्रेनं आत आला.

"सर, मागं लय फालतू चालून राह्यलं होतं. सगळं मारून टाकलं. आता पाहा कसं पळते!"

संगणक खरोखर पळायला लागला होता. फक्त कुठल्याच कंपनीच्या रिटर्नवर सही होत नव्हती. पेनड्राइव्हसारखी दिसणारी डिजिटल सहीची किल्ली लावलेली, तिचा दिवा चालू, पासवर्ड बरोबर, आणि पडद्यावर मात्र सहीचा पत्ता नाही. ऑफिसातल्या जुन्या कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारलं, "बेटा, त्यात एमसायनर पण मारला का बे?"

मारला होता. हा एमसायनर काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. पूर्वी ब्राउझरमधून डिजिटल सही व्हायची ती जावाच्या प्लगिनमार्फत. ब्राउझरांनी जुने प्लगिन हाकलले तेव्हा सहीची पंचाईत झाली, कारण एखाद्या पानाला तुमच्या यूएसबीत काय खोचलंय ते थेट पाहायला ब्राउझर देत नाही, आणि देऊही नये. मग तोडगा निघाला तो असा. तुमच्याच संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम मागे चालत ठेवायचा. तो १२७.०.०.१ या पत्त्यावर कान लावून बसतो. हा पत्ता म्हणजे तोच संगणक, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही. जीएसटीचं पान त्याला हाक मारतं, तो किल्लीकडून सही घेतो आणि पानाला आणून देतो. त्याला खिडकी नाही, आवाज नाही, आइस्क्रीमच्या टेबलाजवळही तो कधी दिसत नाही. आणि कंपन्यांच्या रिटर्नना डिजिटल सही लागतेच, त्यामुळे महिन्याच्या २० तारखेला त्या ऑफिसात सगळ्यात महत्त्वाचा इसम तोच असतो. पोराला तो फालतू वाटला, यात पोराची तरी काय चूक? गाजावाजा न करता काम करणाऱ्याबद्दल बहुतेक ऑफिसांचं मत तेच असतं.

उलट गाजावाजा करणाऱ्यांची कथा बघा. टॅब फार झाले की मेमरी भरते म्हणून ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक एक्स्टेन्शन निघालं होतं. न वापरलेल्या टॅबांना ते झोपवायचं. वीस लाखांहून जास्त लोकांनी ते घेतलं. जून २०२० मध्ये मूळ कर्त्यानं ते कुणा अनोळखी मंडळींना विकलं, वापरणाऱ्यांना पत्ताही नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं घातक म्हणून ते सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. मागचे फुकटे हाकलायला ज्याला ठेवलं तोच मागून भलतं काही करून राहिला होता. त्यात ज्यांचे टॅब झोपलेले होते त्यांना ते परत उठवायला घाम गाळावा लागला तो वेगळाच. त्याआधी जुलै २०१९ मध्ये झूमची भानगड उघडकीला आली होती. मॅकवर झूम काढून टाकलं तरी त्याचा एक छोटा सर्व्हर मागे बसूनच राहायचा, आणि लिंकवर टिचकी पडली की गेलेलं झूम परत बसवायचा. शेवटी अ‍ॅपलला गुपचूप अपडेट पाठवून त्याला उचलावं लागलं. फुकट मिळतंय म्हणून काहीही घरात घेण्याची खोड फक्त आमच्या काकांचीच आहे असा समज नसावा.

या मागच्यांना शिस्त लावायचा मोठा प्रयत्न गूगलनं गेल्या काही वर्षांत केला. ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ असं त्या नियमावलीचं नाव. पूर्वी एक्स्टेन्शनला एक मागचं पान मिळायचं, आणि हवं तर ते ब्राउझर उघडल्यापासून बंद होईपर्यंत ठिय्या देऊन बसू शकायचं. नव्या नियमात ठिय्या बंद. काम निघालं की उठायचं, काम करायचं आणि तीस सेकंद काही घडलं नाही की झोपायचं. ही पद्धत नागपूरकराला नव्यानं समजावून सांगायची गरज नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथे व्हायचं असतं. अकरा महिने विधानभवन शांत. मग डिसेंबर येतो आणि अख्खी उपराजधानी खडबडून जागी होते. रविभवनाला रंग, आमदार निवासाला गाद्या, सिव्हिल लाइन्सला नवं डांबर, झिरो माइलकडे मोर्चे, आणि चौकाचौकांत सायरन. काही दिवसांनी फायली परत मुंबईच्या रेल्वेत आणि शहर पुन्हा आडवं. २०२० आणि २०२१ ला तर कोरोनामुळे जागं व्हायची वेळच आली नाही. जगातल्या संगणकशास्त्रज्ञांना जे आता सुचलं ते आमच्या राज्यानं कधीचं अमलात आणलंय. संसाधनांची बचत किती झाली, हा प्रश्न मात्र अधिवेशनात विचारू नका.

आणि पळवाटा इथेही निघाल्याच. झोपायचं तर झोपतो, पण गजर लावून, असं म्हणून कित्येक एक्स्टेन्शन्स दर थोड्या वेळानं उठतात. क्रोमनं दोन गजरांमध्ये किमान तीस सेकंदांचं अंतर सक्तीचं केलंय, म्हणजे मिनिटाला दोनदा उठायला हरकत नाही. शिवाय याच नियमांच्या दणक्यात जाहिराती अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जुनं आणि भरवशाचं एक्स्टेन्शन क्रोममधून गेलं. त्याची कमी ताकदीची ‘लाइट’ आवृत्ती तेवढी राहिली. फायरफॉक्सनं जुन्यालाही राहू दिलंय. माझ्या मते मागे बसलेल्यांत खरोखर उपयोगी असा तो एकच होता, आणि साफसफाईत पहिला तोच गेला. ऑफिसं असोत की ब्राउझर, न्याय सारखाच.

तेव्हा आज एवढं करा. शिफ्ट-एस्केप दाबा, यादी वाचा, ज्याला ओळखत नाही त्याचं नाव कागदावर उतरवा, आणि एक्स्टेन्शन्सच्या पानावर जाऊन त्याची कळ बंद करा. मग सेटिंगमधल्या ‘सिस्टीम’ भागात जा आणि क्रोम मिटल्यावरही मागे चालत राहण्याची मुभा काढून घ्या. जाहिराती अडवणारी दोन असतील तर एकच ठेवा. सीएच्या ऑफिसात काम करत असाल, तर हे सगळं २१ तारखेला करा.